शोभाकाकूंची हळद आणि घरचा इंजिनिअर

हळदीचा हंगाम आला की मला राग येतो. लोकांना वासावरून माहेर आठवतं, शाळा आठवते. मला शिजलेल्या हळदीचा वास आला की एक बैठक आठवते आणि कानशिलं तापतात. परवा कामासाठी सांगलीला गेले होते. मार्केट यार्डाच्या अंगानं रिक्षा वळली तर हमाल पोती उतरवत होते, आणि पिवळी धूळ त्यांच्या पापण्यांवरसुद्धा बसली होती. रिक्षावाला म्हणाला, "ताई, औंदा हळदीला भाव बरा दिसतोय." मी "असेल" एवढंच म्हणाले, पण अशा आवाजात की पुढं त्यानं तोंड उघडलं नाही. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

मी वेबसाइट बनवते. कराडात एका झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. लोकांना वेबसाइट म्हणजे दिसतं ते पान वाटतं. फोटो, रंग, कंपनीचं नाव. खरं काम त्या पानाच्या पाठीमागं चालतं. गिऱ्हाइकानं बटण दाबलं की कुठल्यातरी दूरच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, एक प्रोग्राम ती ऑर्डर घेतो, लिहून ठेवतो, माल शिल्लक आहे का बघतो आणि उत्तर देतो. हा प्रोग्राम कशात लिहायचा, यावरून आमच्या धंद्यात लोक बांधावरून भांडावं तसे भांडतात. पीएचपी, जावा, डॉटनेट, पायथन, नोड. मला विचाराल तर सगळीच चांगली आहेत. कोणतं थोर हा प्रश्नच खोटा आहे. काम केवढं आहे, आणि बंद पडलं तर चालू करायला कोण येणार आहे, एवढं विचारलं की उत्तर आपोआप मिळतं.

हे मला कॉलेजनं शिकवलं नाही. मी दुष्काळी माणची, दहिवडीच्याही पलीकडची. आमच्याकडं पेरायच्या आधी माणूस आभाळाकडं आणि विहिरीकडं बघतो, आणि मग ठरवतो बाजरी की मटकी. शेजाऱ्यानं काय पेरलं हे बघून पेरणारा आमच्याकडं टिकतच नाही. कराडला आले, कृष्णाकाठची माणसं बघितली, आणि कळलं की ज्याच्या पाटाला बारमाही पाणी आहे त्याला असला विचार करायची गरजच पडत नाही. तो नाव बघतो.

मागच्या हंगामाच्या आधी, थंडीत, शोभाकाकू माझ्या ऑफिसात आल्या. कुंडलच्या शिवारात त्यांचं एकत्र कुटुंबाचं रान. नवरा फौजेत, सुट्टीला येईल तेवढाच घरी. घरचा कारभार थोरल्या दिरांकडं. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. काकूंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, माझ्या टेबलावर उघडला आणि म्हणाल्या, "वास घ्या आदी. मग बोलू." मी वास घेतला. दुकानातल्या हळदीला वास असतो असं मी तोपर्यंत समजत होते.

गेली काही वर्षं त्यांच्या बचत गटातल्या बायका घरची हळद दळून ओळखीपाळखीत देत होत्या. पुण्यामुंबईचे पाहुणे एकदा नेत आणि पुन्हा मागत. काकूंच्या मनात आलं की रानाच्या एका तुकड्याची सगळीच हळद अशी विकली तर? यार्डात पोती ओतून, दुसऱ्यानं भाव बोलायचा आणि आपण मान हलवायची, हे कशाला? तात्या तयार नव्हते. शेवटी नवऱ्यानं सीमेवरून फोन केला. "एक हंगाम बायकांस्नी करू दे, तात्या. न्हाई जमलं तर फुडं तुमी म्हनशीला तसं." तात्या कबूल झाले. त्या एका तुकड्यावर आणि त्या एका हंगामावर काकूंचं सगळं उभं होतं. जमलं तर तो तुकडा त्यांचा, नाहीतर पुन्हा चुलीजवळ. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि सांगताना आवाज जरासुद्धा हलला नाही.

मी त्यांना पीएचपी सुचवलं. नाव सांगून काही उपयोग नव्हता म्हणून कारण सांगितलं. काम लहान आहे. चार प्रकारच्या पिशव्या, गिऱ्हाइकाचा पत्ता, किती शिल्लक, संपलं. साध्यातल्या साध्या सर्व्हरवर चालेल. आणि मी उद्या आजारी पडले, लग्न करून लांब गेले, तरी कराडात, इस्लामपुरात, पलूसात कुठलंही पोरगं उचलून दुरुस्त करील, कारण सगळ्यांना ते येतं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी गावच्या दाईगत. नाव न्हाई, पर हाकंला येती." मी म्हटलं, अगदी तसंच.

त्यानंतरचे दिवस मला अजूनही हवेहवेसे वाटतात, आणि म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं. फोटो काढायला मी वरचेवर जायचे. हळदीचा पाला कापून रान उघडं पडलेलं. कुदळीच्या घावानं भुई फुटायची आणि मातीचा नि हळदीचा मिळून एक थंड, कडवट वास वर यायचा. बायका गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत बसायच्या, बोटं नखांपर्यंत केशरी. मग हळद शिजवायचा कुकर आला. लोखंडी पिंपातून वाफ सुटली की अख्खं शिवार त्या वासानं भरून जायचं, तो अंगावरच्या कपड्यांतून घरी यायचा, उशीला लागायचा. शिजलेली हळद ताडपत्रीवर पसरली की काकू तिच्यात अनवाणी फिरायच्या. एक हळकुंड उचलून मोडायच्या, कानाशी धरायच्या. "अजून मऊ हाय. खणकन आवाज आला म्हंजी वाळली." मीही मोडून बघायचे. मला काही तो आवाज ओळखता आला नाही.

माझं पान तयार होत आलं होतं. आणि मध्येच यात्रा आली.

आमच्या भागात यात्रेला सगळे गावी येतात. पुण्यातले, मुंबईतले, पलटणीतले. देवाचं होतं, तमाशा होतो, कुस्त्या होतात, मटणाच्या पंगती उठतात, आणि वर्षभर तुंबलेले निर्णय त्या दोन दिवसांत घेतले जातात. कुणाचं लग्न ठरवायचं, कुठली विहीर खोदायची, कुठला बांध मोडायचा. भाऊबंद एकत्र असतात तेव्हाच ठरवायचं, म्हणजे नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. ही रीत वाईट नाही. फक्त त्या वर्षी तात्यांनी त्या बैठकीत वेबसाइटही घेतली.

मला बोलावणं आलं. मी लवकर पोचले. तात्या पुढच्या सोप्यात बसून एका शेजाऱ्याला पाण्याच्या मोटारीबद्दल सल्ला देत होते. शेजाऱ्याला नव्या, मोठ्या नावाच्या कंपनीची मोटार घ्यायची होती. तात्या म्हणाले, "नगं घिऊ गड्या. नाव लय मोठं हाय, पर तिच्या वायंडिंगला पलूसात मानूस न्हाई. भर उनाळ्यात जळली तर पीक काय तुज्यासाठी थांबतंय व्हय?" मला इतका आनंद झाला. वाटलं, हा माणूस माझ्याच बाजूचा आहे, याला समजावून सांगावंच लागणार नाही.

मग अभिजित आला. तात्यांचा मुलगा, पुण्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत. पोरगा वाईट नाही. नम्र आहे, मोठ्यांच्या पाया पडतो, मलाही वाकून "मॅडम" म्हणाला. त्यानं माझं काम फोनवर वरखाली करून बघितलं आणि विचारलं, "बॅकएंड कशात आहे?" मी सांगितलं. त्यानं असं तोंड केलं जसं कुणी पंगतीत कालची भाकरी वाढली. "पीएचपी? प्रोफेशनल साइटला आता कोणी वापरत नाही मॅडम. आम्ही बँकांची कामं जावात करतो. उद्या दहा हजार लोक एकदम आले तर?"

"दहा हजार लोक एकदम हळद घ्यायला कशाला येतील?" मी म्हटलं. "तेवढी हळद रानात तरी आहे का?"

दोनचार जण हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी मुलाकडं बघितलं, आणि त्या बघण्यात सगळं ठरून गेलं. "बँका जर त्यात चालत्यात," ते म्हणाले, "तर आपली हळद काय जड हाय?" कुणीतरी विचारलं, करणार कोण? अभिजित म्हणाला, "मी करतो ना. दोन वीकेंडचं काम आहे." बस्स. घरचा इंजिनिअर असताना बाहेरचा कशाला, ही त्या सोप्यातली शेवटची ओळ. मी म्हटलं, "तात्या, अभिजित पुण्याला गेल्यावर साइट अडली तर इथं कोण बघणार?" तात्या म्हणाले, "आवं घरचा पोरगा हाय. रक्ताचं मानूस अडीनडीला येनार न्हाई तर कोन येनार?"

आणि मग माझ्यावर उपकार केल्यासारखं त्यांनी जोडलं, "तुमी काय नाराज हू नगा. डिझाईन तुमीच करा. रंगाला बायकांची नजर लागती."

मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, त्यानंतर इतकी वर्षं हाच धंदा करते, आणि मला रंग दिला गेला. पण खरी चीड याची नाही. खरी चीड याची, की ज्यांची हळद, ज्यांचा हंगाम, त्या शोभाकाकू त्या बैठकीत नव्हत्या. त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. आत पंगतीचं वाढप चालू होतं. त्यांच्या धंद्याचा कणा कशाचा असावा हे बारा पुरुषांनी ठरवलं, त्यांतल्या एकानंही तोवर हळदीचं पाकीट बांधलेलं नव्हतं, आणि चहा मात्र काकूंनीच पाठवला.

जावाला मी शिव्या देत नाही, हे स्पष्ट सांगते. उत्तम आहे. बँकांना, रेल्वेला, जिथं शंभर माणसांची फौज सांभाळायला बसलेली असते तिथं त्याला तोड नाही. पण चार प्रकारच्या पिशव्यांना? कोंबडी कापायला कोयता आणून वर तो धरायला येणारा माणूस पुण्यात. आणि मोटारीला वायंडिंगवाला जवळ हवा हे ज्या तोंडानं सांगितलं, त्याच तोंडानं घटकाभरात हे ठरवलं. अडाणी माणसानं चूक केली तर कीव येते. शहाण्या माणसानं शहाणपण दाराबाहेर चपलेसारखं काढून ठेवलं तर मात्र संताप होतो.

यात्रा संपली, माणसं पांगली. हळद वाळली, पॉलिशच्या ड्रममधून घुमून सोन्यासारखी होऊन आली. बायकांनी जुन्या धोतरांच्या नव्हे, चांगल्या मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्या, प्रत्येक पिशवीच्या तोंडाला लाल गोंडा. अभिजितनं एका रविवारी व्हिडिओ कॉल करून काय झालंय ते दाखवलं. काकूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पडद्यावर आत शिरायचं दार होतं, म्हणजे लॉगिन, आणि त्यात तीन प्रकारची माणसं: ॲडमिन, वेअरहाउस मॅनेजर, सुपरवायझर.

"ह्यो सुपरवायझर कोन रं?" काकूंनी विचारलं. त्यांचं वेअरहाउस म्हणजे माजघरातला कोपरा.

"पुढं धंदा वाढल्यावर लागेल काकू."

"बरं. आन् गिऱ्हाईक कुठनं आत येनार?"

"ते पुढच्या फेजमध्ये."

ती फेज आली नाही. त्याच्या कंपनीत काही मोठं काम निघालं. आधी तो "या शनिवारी नक्की" असं लिहायचा, मग नुसता अंगठा पाठवायचा, मग फोन वाजत राहायचा. मी त्याला म्हटलं, झालं तेवढं माझ्याकडं द्या, मी माणूस शोधते. त्यानं उत्तर दिलं, "सॉरी मॅडम, ते आर्किटेक्चर तुम्हाला झेपणार नाही." मी तरी कराडात, सांगलीत विचारत फिरले. ज्यांना जावा येतं ती पोरं शिकून झाल्या झाल्या पुण्याची गाडी धरतात. उरलेल्यांनी हात जोडले.

शेवटी मी तात्यांकडं गेले. सरळ सांगितलं, माझं आधीचं तयार आहे, आठवड्याभरात चालू करून देते, पैशाचं नंतर बघू. तात्या बराच वेळ सुपारी कातरत राहिले. त्यांनाही कळलं होतं, याची मला खात्री आहे. पण ते म्हणाले, "पोराचं काम मोडून बाहेरच्याचं लावायचं? भावकीत काय तोंड दावू? पोरगं म्हनंल, बापानंच इस्वास ठेवला न्हाई." मी म्हटलं, "आणि काकू काय म्हणतील?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी गाईम्हशीचं मत विचारलं. "ती कशाला काय म्हनंल?"

त्या वाक्यावर मी उठले. अजूनही कधी आंघोळ करताना, कधी गाडी चालवताना ते वाक्य आठवतं आणि मी मोठ्यानं त्यांना उत्तर देते. तेव्हा दिलं नाही, कारण माझ्यामागं काकूंना त्याच घरात राहायचं होतं.

मग वळवाचे ढग दिसायला लागले. वाळलेली हळद ओलसर हवेत ठेवून चालत नाही, कीड लागते, रंग उतरतो. एका दुपारी काकूंचा फोन आला. "मॅडम, येताय का? गाडी भरत्यात." मी गेले. टेम्पो दारात उभा होता. पोती वर चढत होती आणि प्रत्येक पोत्याबरोबर पिवळा धुरळा उठत होता. गटातल्या बायका भिंतीला टेकून बघत होत्या. तात्या ड्रायव्हरला यार्डातल्या अडत्याचं नाव सांगत होते. मांजरपाटाच्या पिशव्यांचा गठ्ठा सोप्यात तसाच पडला होता. काकूंनी तो उचलून माझ्या गाडीत ठेवला. "न्या तुमास्नी. भाजीला हुतील." मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "घरात ऱ्हायल्या तर माज्याच डोळ्याम्होरं येत्यात. न्या."

टेम्पो वळणाआड गेल्यावर तात्या समजुतीच्या सुरात म्हणाले, "फुडच्या वर्षी बगू की शोभा." काकू आत गेल्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही.

पुढचं वर्ष कसलं? हळदीचं बियाणं लावायची वेळ आली तेव्हा तात्यांनी त्या तुकड्यात ऊस लावला. उसाला काही डोकं लावावं लागत नाही, कारखान्याची टोळी येते, तोडून नेते. आणि करारच होता तसा, एक हंगाम. नवऱ्यानं फौजेतून दिलेला शब्द, तो पाळायलाच हवा. काकूंनी पाळला. गावात याला सगळे समंजसपणा म्हणतात. बाईनं तोंड मिटून घेतलं की त्याला आपल्याकडं फार चांगली चांगली नावं आहेत.

मी आताही कधी कुंडलवरून गेले तर तिथं गाडी थांबवते. ऊस डोक्याच्या वर गेलाय. आत शिरलं तर पात्यांनी हात कापतात. वाऱ्यावर सळसळतो, हिरवागार, तब्येतीत. त्याच्यावरही राग काढायचा प्रयत्न केला मी. पण पिकावर राग धरता येत नाही, एवढं माणदेशी रक्त अजून शिल्लक आहे. आजूबाजूच्या रानातून कुकरची वाफ येत असते, आणि मी काच वर करून निघते.

गेल्या आठवड्यात अभिजितचा फोन आला. आवाजात हुरूप. "मॅडम, ओळखलंत? त्या हळदीच्या साइटचं पुन्हा मनावर घेतलंय. मी कंपनी बदलली, आता जरा वेळ असतो. आणि तुमचं तेव्हाचं म्हणणं काही अंशी बरोबर होतं. त्या कामाला जावा जडच होतं. आता आपण सगळं नोडवर घेऊ. फार भारी आहे."

"कुठली हळद?" मी विचारलं.

"काकूंची. आपली."

"त्या रानात ऊस आहे, अभिजित. मागच्या पावसाळ्यापासून."

तो म्हणाला, "मला कोणी बोललं नाही." त्याला खरंच वाईट वाटलं असावं. मघाशी म्हटलं ना, पोरगा वाईट नाही. म्हणूनच तर कुणावर धड ओरडताही येत नाही.

"दुसरा एखादा तुकडा मिळेल की," तो म्हणाला. "बियाणं लावायला अजून वेळ आहे. काकूंची इच्छा आहे का अजून?"

"मला काय विचारता? काकूंना फोन करा."

फोनवर काहीतरी चाळल्याचा आवाज आला.

"काकूंचा नंबर नाहीये माझ्याकडे," तो म्हणाला. "मी तात्यांनाच विचारतो."

त्यानं काकूंच्या धंद्याचा प्लॅटफॉर्म निवडला होता. त्यांच्यासाठी ॲडमिन, मॅनेजर, सुपरवायझर उभे केले होते. आणि त्या सगळ्या हंगामात, एका घरचा माणूस असून, त्याला त्यांचा नंबर कधी लागला नव्हता.

"तात्यांना नको," मी म्हटलं. "लिहून घ्या." आणि मी एकेक आकडा सावकाश सांगितला, त्याच्याकडून परत म्हणवून घेतला.

आज काकूंना विचारलं. अजून अभिजितचा फोन आलेला नाही.